संधिवाताच्या स्वयंप्रतिकार रोगांतील सायटोकाइन

सायटोकाइन ही पेशींनी एकमेकींना निरोप धाडण्यासाठी सोडलेली छोटी प्रथिने. जंतुसंसर्ग झाला की ती पांढऱ्या पेशी गोळा करतात, ताप चढवतात आणि काम झाले की ओसरतात. प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तेव्हा मात्र हे निरोप थांबत नाहीत.

आमवातात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, सांध्याचे आतले पातळ अस्तर सुजून जाड होते. तिथल्या पेशी टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-६ ही सायटोकाइन सोडत राहतात. त्यांच्या चिथावणीने हाड कुरतडणाऱ्या पेशी वाढतात. सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही, ती याच दाहामुळे. इंटरल्यूकिन-६ यकृतापर्यंत पोचून सीआरपी, म्हणजे रक्ततपासणीत दाह दाखवणारे प्रथिन, वाढवते, शिवाय लोहाचा वापर अडवून रक्त कमी करते. म्हणून दुखणे सांध्यांचे असले तरी रोगी एकूणच थकलेला, फिकट दिसतो.

इतकी सायटोकाइन एकदम उसळलेली असताना त्यांतले एकच अडवून काय साधणार, ही शंका रास्तच होती. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांच्या गटाने रुग्णांच्या सांध्यांतील पेशींवर टीएनएफविरोधी प्रतिपिंडे वापरून पाहिली, तर इंटरल्यूकिन-१ सुद्धा घटले. टीएनएफ हा साखळीतला वरचा दुवा निघाला. १९९२ मध्ये रुग्णांवर पहिली चाचणी झाली आणि १९९८ मध्ये अमेरिकेत आमवातासाठी इटॅनरसेप्ट या टीएनएफ-रोधक औषधाला मान्यता मिळाली. ‘बायोलॉजिक’ म्हणून ओळखली जाणारी इंजेक्शने तेव्हापासून रुळली.

पुढची औषधे मात्र सरसकट चालली नाहीत, आणि खरे ज्ञान त्यातूनच मिळाले. इंटरल्यूकिन-१७ रोखले की अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसमध्ये कण्याचा ताठरपणा उतरतो; आमवातात तितका गुण येत नाही. इंटरल्यूकिन-२३ रोखणारी औषधे सोरायसिस या त्वचारोगात उत्तम, पण कण्याच्या या रोगात अपेशी ठरली. ल्युपस या अनेक अवयवांना ग्रासणाऱ्या स्वयंप्रतिकार रोगात इंटरफेरॉन हे सायटोकाइन पुढे असते; त्याचा ग्राही, म्हणजे पेशीवरची निरोप घेणारी जागा, अडवणारे अ‍ॅनिफ्रोलुमॅब २०२१ मध्ये आले. टोफासिटिनिबसारख्या जॅक-रोधक गोळ्या पेशीच्या आत जाऊन, निरोप पुढे नेणारी जॅक ही विकरे अडवून, अनेक निरोप एकत्र तोडतात.

निरोप तोडला की त्याचे चांगले कामही थांबते. क्षयाचे जंतू गाठीत कोंडून ठेवायला टीएनएफ लागते. त्यामुळे टीएनएफ-रोधक औषध सुरू करण्याआधी सुप्त क्षयाची तपासणी करतात. टोसिलिझुमॅब इंटरल्यूकिन-६ ची वाट अडवते, त्यामुळे सीआरपी चढतच नाही. अशा रोग्याला न्यूमोनिया झाला तरी रक्ताचा अहवाल निर्धास्त दिसू शकतो.