लांब नळी म्हणजे पक्का नेम?

अमेरिकेत हजार यार्डांच्या नेमबाजीसाठी स्वतःची रायफल जुळवायला निघालेला नवखा बऱ्याचदा आधी २८ इंची नळी मागतो. 'नळी जितकी लांब, तितका नेम पक्का' हा समज जुनाच, आणि अगदीच हवेतला नाही. दुर्बीण नसताना नळीवरची मागची खाच आणि पुढची माशी (नेम धरायचा छोटा खुंट) यांतलं अंतर वाढलं की नेम धरण्यातली चूक कमी व्हायची. म्हणजे फायदा डोळ्याला होता, गोळीला नव्हे.

दुर्बीण आली आणि तो हिशेब संपला. लांब नळीने वेग वाढतो हे खरं, इंचामागे सेकंदाला साधारण २०-२५ फूट. त्यामुळे गोळी वाटेत थोडी कमी खाली येते, वाऱ्याने कमी ढळते. पण जाडी तीच ठेवून नळी आखूड केली, तर ती उलट ताठ होते. पोलादी पट्टी टेबलाबाहेर चार बोटं काढून टिचकी मारा, मग वीतभर काढून मारा. थरथर कुठे जास्त, ते दिसेलच.

खिसा तोकडा असेल तर ६.५ क्रीडमूर या लांब पल्ल्याच्या काडतुसाला २४ इंच पुरेत. उरलेले पैसे दुर्बीण आणि सरावाच्या काडतुसांवर घाला. नळी काय, दोन-तीन हजार फैरींनंतर बहुधा बदलावीच लागते.