सिलिकॉन जेल की सलाईन? पिशवी दोन्हींची सिलिकॉनचीच

स्तनांचा आकार वाढवायला आत बसवतात ती पिशवी म्हणजे इम्प्लांट, आणि ती सिलिकॉन जेलची किंवा सलाईनची मिळते. सलाईन इम्प्लांट म्हणजे सिलिकॉन नसलेलं इम्प्लांट, हा समज आधी मनातून काढून टाका. दोन्हींचं बाहेरचं कवच सिलिकॉन रबराचंच असतं, फरक आत काय भरलंय त्याचा. जेलचं इम्प्लांट कारखान्यातच भरून बंद केलेलं येतं. सलाईनची पिशवी रिकामी येते. ती गुंडाळून आत सरकवतात आणि मग बारीक नळीने, व्हॉल्व्हमधून मिठाचं पाणी भरतात. हे पाणी म्हणजे तापात हाताला लावतात ते ०.९ टक्क्यांचंच सलाईन, लिटरमागे ९ ग्रॅम मीठ. सलाईन जड आणि जेल हलकं, असंही बोललं जातं. प्रत्यक्षात ३०० सीसीच्या, म्हणजे ३०० मिलीच्या, दोन्ही इम्प्लांटचं वजन जवळजवळ सारखंच भरतं.

रिकामी पिशवी जाते म्हणून सलाईनला साधारण ३ सेंटिमीटरचा छेद पुरतो. जेलला ४ ते ५ सेंटिमीटर लागतात. पण केवळ छोट्या व्रणासाठी सलाईन निवडू नये. दोन्हींत छेद बहुधा स्तनाखालच्या घडीत घेतात आणि तो तिथेच झाकला जातो.

निवड खरी ठरते ती तुमच्या स्वतःच्या त्वचेच्या आणि चरबीच्या जाडीवर. सर्जन स्तनाच्या वरच्या भागातली त्वचा चिमटीत धरून मोजतात. चिमूट २ सेंटिमीटरपेक्षा कमी भरली, तर इम्प्लांट छातीच्या स्नायूखाली, निदान वरचा अर्धा भाग तरी स्नायूखाली ठेवणं बरं. अशा सडपातळ अंगाला सलाईन सहसा मानवत नाही. आतलं पाणी हलतं, कवचाला सुरकुत्या पडतात आणि वाकल्यावर त्या वरून हाताला लागतात, कधी डोळ्यांना दिसतातही. पाणी कमी भरलं तर सुरकुत्या वाढतात, शिवाय त्याच घडीवर कवच पुन्हा पुन्हा दुमडून तिथेच फाटतं. जास्त भरलं तर गोळा कडक होतो आणि कडेला लाटा उठतात. म्हणून कंपनीने दिलेल्या किमान आणि कमाल आकड्यांच्या मधेच भरायचं असतं. जेल घट्ट असल्याने सुरकुत्या कमी पडतात आणि स्पर्श नैसर्गिक स्तनाच्या जवळचा लागतो. स्वतःची जाडी भरपूर असेल तर हा फरक बराच झाकला जातो.

सगळ्यात मोठा फरक दिसतो तो इम्प्लांट फुटल्यावर. सलाईन फुटलं की स्तन बहुधा काही दिवसांत बसतो, पाणी शरीर शोषून घेतं आणि काय झालं ते आरशात कळतं. जेल फुटलं तर अनेकदा काहीच कळत नाही. घट्ट जेल जागच्या जागीच राहतं, दुखत नाही, आकारही बदलत नाही. म्हणून औषधं आणि वैद्यकीय साधनांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने २०२० मध्ये सुचवलं, की त्रास नसला तरी जेलवाल्यांनी ५-६ वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करावा आणि पुढे दर २-३ वर्षांनी. गडचिरोली किंवा बालाघाटहून नागपुरात येऊन शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांनी या तपासण्यांच्या फेऱ्या आणि खर्च आजच हिशेबात धरावा. तपासणीला येणं जमणारच नसेल, तर सलाईनच्या बाजूने हा एक भक्कम मुद्दा आहे. वयाचं बंधनही वेगळं. सौंदर्यासाठी वाढ करायची तर एफडीएची मान्यता सलाईनला १८ वर्षांपासून आहे, जेलला २२ पासून.

माप ठरवताना कप साईज सांगू नका, सीसीही आधी सांगू नका. आधी स्तनाच्या पायाची रुंदी मोजली जाते. ती १२ सेंटिमीटर असेल तर इम्प्लांटचा व्यास त्यापेक्षा थोडा कमीच हवा. मोठं बसवलं तर कडा काखेकडे सरकते किंवा दोन स्तनांमधली जागा बुजते. एकाच ३०० सीसीचं इम्प्लांट पसरट आणि बुटकंही मिळतं, अरुंद आणि उंचही. अंदाज घ्यायचा तर स्वयंपाकघरातल्या मापाने ३०० मिली तांदूळ मोजून पायमोज्यात भरा आणि ब्रामध्ये ठेवून दिवसभर घरात वावरा. अचूक नाही, पण फोटो दाखवण्यापेक्षा कितीतरी चांगलं.

नागपूरच्या उन्हाचं एक सांगायलाच हवं. पारा ४५ अंशांवर गेला म्हणून आतलं जेल वितळत नाही, कारण शरीराचं आतलं तापमान ३७ च्या आसपासच राहतं. त्रास होतो तो टाक्यांना. छेद स्तनाखालच्या घडीत, घाम साचतो तिथेच, आणि वरून काही आठवडे घट्ट सर्जिकल ब्रा. घामोळं, बुरशी, ओली जखम, हे सगळं तिथे जमतं. शक्य असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा काळ निवडा. एप्रिल-मे मध्येच करायचं असेल तर ब्राचे तीन जोड ठेवा, रोज बदला आणि घडी कोरडी ठेवा. दुचाकी साधारण महिनाभर बंद, स्नायूखालच्या इम्प्लांटला तर नक्कीच.

इम्प्लांटभोवती शरीर पातळ आवरण तयार करतं. ते आवळलं की स्तन कडक होतो आणि दुखतो. हा धोका दोन्हींत आहे आणि जंतू किंवा साचलेलं रक्त तो वाढवतात. खरखरीत कवचाबाबत मात्र सावध राहा. त्याच्याशी एका दुर्मिळ लिम्फोमाचा (एक प्रकारचा कर्करोग) संबंध आढळला आहे आणि २०१९ मध्ये अॅलर्गन कंपनीने आपले बायोसेल इम्प्लांट जगभरातून परत घेतले. आपल्याला कोणतं कवच बसणार, गुळगुळीत की खरखरीत, हे स्पष्ट विचारा.

सर्जन प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी आहेत ना, ते बघा. नागपुरात रामदासपेठ, धंतोलीत पर्याय भरपूर आहेत, दोन ठिकाणी सल्ला घ्यायला कचरू नका. खोक्यावरच्या सिरीयल आणि लॉट नंबरचं एक स्टिकर केसपेपरवर लागतं, दुसरं तुमच्या कार्डावर हवं. ते मागून घ्या, मोबाईलमध्ये फोटो ठेवा आणि पुढे मॅमोग्राफीला, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेला, जाल तेव्हा मशीनवर उभं राहण्याआधीच टेक्निशियनला दाखवा. इम्प्लांट मागे सारून वेगळे फोटो घ्यावे लागतात.