पार्श्वभूमी: जॅझमधला अर्धस्वर आणि ‘कोमल रे’चा घोटाळा

शेजारच्या दोन पट्ट्या, म्हणजे अर्ध्या स्वराच्या अंतरावरचे दोन स्वर, एकत्र दाबण्याची जॅझची सवय पियानोच्या मर्यादेतून आली. ब्लूज गाणारा गळा कोमल आणि शुद्ध गांधाराच्या मधल्या जागेत मींडेने फिरत असे. पियानोवर ती जागाच नाही, म्हणून वादक दोन्ही गांधार जवळजवळ एकाच वेळी वाजवू लागले. आपल्या हार्मोनियमवादकांपुढेही हाच प्रश्न होता आणि त्यांनी तो कणस्वराने, म्हणजे मुख्य स्वराआधी शेजारच्या स्वराला ओझरता स्पर्श करून, सोडवला.

१९४० च्या दशकात, बीबॉप या जॅझशैलीच्या काळात, इष्ट स्वराला वरून आणि खालून अर्धस्वरांनी घेरून मगच त्यावर येण्याची पद्धत उत्स्फूर्त वादनात रुळली. ललत रागातले लागोपाठचे दोन मध्यम ऐकलेल्या श्रोत्याला यात अडचण वाटू नये. त्याच दशकात न्यूयॉर्कमधला एक पियानोवादक हे अर्धस्वर एकत्र आणि ठासून वाजवत होता, तेव्हा त्याचे बोट चुकते आहे असेच अनेकांना वाटले.

खरे वळण १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात आले. कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरगटाचा, मूळ स्वर खर्ज सांभाळणाऱ्या बासवादकावर सोपवून पियानोवादकांनी डावा हात मोकळा केला. हे घरच्या पेटीवरही पाहता येते. पांढरी एकचा सा धरून सा, ग, म, ध एकत्र दाबावेत आणि दुसऱ्या कोणाला खर्जात रे धरायला सांगावे: ही रे वरची मायनर नाइन्थ कॉर्ड होते. आता बासने प वर जावे आणि आपण फक्त सा सोडून खालचा नि घ्यावा; एकच बोट अर्धा स्वर सरकले आणि प वरची डॉमिनंट, म्हणजे सा कडे परतण्याची ओढ लावणारी, कॉर्ड तयार झाली. ग आणि म मात्र दोन्ही वेळा जागेवरच राहतात. मध्य सप्तकात त्यांची कंपने सेकंदाला सुमारे ३३० आणि ३४९, म्हणजे फरक जेमतेम २० चा, आणि त्या फरकाची थरथरच कॉर्डला धार देते. हीच जोडी मंद्रात नेली तर नुसता गढूळपणा उरतो.

यानंतरच्या दशकांत जॅझ सर्रास वर्गात शिकवला जाऊ लागला आणि एक नियम पक्का झाला: डॉमिनंट कॉर्ड वगळता कोणत्याही दोन आवाजांत, म्हणजे कॉर्डमधल्या दोन स्वरांत, मायनर नाइन्थ (वरच्या कॉर्डचे नाव नव्हे, तर एक सप्तक आणि अर्धा स्वर इतके अंतर) येऊ देऊ नये. पुण्यात हार्मोनियमवरून कीबोर्डकडे वळलेले विद्यार्थी या नियमापाशी हमखास अडखळतात, कारण मायनर सेकंड, मायनर नाइन्थ आणि फ्लॅट नाइन या तिन्हींना ते ‘कोमल रे’ म्हणतात. कोमल रे हे षड्जापासून मोजलेले स्थान आहे. फ्लॅट नाइनही तसेच, फक्त मोजणी कॉर्डच्या मूळ स्वरापासून. मायनर सेकंड आणि मायनर नाइन्थ ही मात्र कोणत्याही दोन स्वरांमधली अंतरे आहेत. ग आणि म लागून वाजले तर मायनर सेकंड. म खाली आणि ग वर गेला तर मेजर सेव्हन्थ, जी कानाला गोड लागते. ग खाली ठेवून म वरच्या सप्तकात नेला तर मायनर नाइन्थ, जी बोचते. स्वर तेच, नाती तीन. नियम तिसऱ्याबद्दल बोलतो आणि विद्यार्थी पहिल्यालाही घाबरतो. शिकवणाऱ्यांनी हा भेद पहिल्याच दिवशी पेटीवर वाजवून दाखवायला हवा, असे मला ठामपणे वाटते.

बँडसाठी लिहिणाऱ्यांचे पथ्य याहून वेगळे आहे. वरच्या दोन आवाजांत अर्धस्वर आला की चाल झाकोळते, म्हणून ते तो आतल्या आवाजांत ठेवतात.

गिटारवादकांनीही हा स्वरबंध आपलासा केला आहे. पियानोवर जे दोन शेजारच्या बोटांत होते, त्यासाठी गिटारच्या बहुतेक लगतच्या तारांवर जाड तारेवरचे बोट चार पडदे पुढे ताणावे लागते. म्हणून ते एक तार मोकळी सोडून तिच्याशेजारी दाबलेला स्वर वाजवतात.