सीएसआयआरच्या प्रयोगशाळेत कार्यालयीन किंवा तांत्रिक पद: अर्ज भरण्यापूर्वी

सीएसआयआर म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद. तिच्या पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा किंवा नागपूरची नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) यांसारख्या संस्था शास्त्रज्ञांइतक्याच कार्यालयीन आणि तांत्रिक माणसांवर चालतात. संचालकपदाची जाहिरात सीएसआयआरचे दिल्लीचे मुख्यालय काढते. सेक्शन ऑफिसर, असिस्टंट सेक्शन ऑफिसर या पदांची एकत्रित परीक्षाही तेच घेते. त्यासाठी पदवी लागते आणि वयोमर्यादा 33 आहे. पुढची तीन पदे मात्र प्रत्येक प्रयोगशाळा स्वतः भरते. त्यामुळे जिथे जायचे आहे त्या प्रयोगशाळेचे संकेतस्थळ नियमित पाहावे लागते.

कनिष्ठ सचिवालय सहायक म्हणजे जेएसए: बारावी उत्तीर्ण, वय 28 पर्यंत, संगणकावर मिनिटाला इंग्रजी 35 किंवा हिंदी 30 शब्दांचा वेग. टायपिंगची चाचणी भरतीतच होते. मराठी टायपिंगचा दाखला इथे उपयोगी नाही. तंत्रज्ञ पदाला विज्ञान विषयासह दहावीला 55 टक्के आणि त्या ट्रेडचा आयटीआय. तांत्रिक सहायकाला 60 टक्क्यांनी डिप्लोमा व दोन वर्षांचा अनुभव, किंवा 60 टक्क्यांनी बीएस्सी व एक वर्षाचा अनुभव. तांत्रिक पदांत पोस्ट कोड (जाहिरातीत पदाला दिलेला संकेतांक) ट्रेडप्रमाणे बदलतो. चुकीचा कोड टाकला की पात्र असूनही अर्ज बाद होतो.

वय, शिक्षण, अनुभव हे सारे सामान्यतः अर्जाच्या शेवटच्या तारखेला मोजले जाते. त्या दिवसापर्यंत निकाल लागलेला नसेल तर अर्ज करू नका. अनुभवाच्या पत्रावर रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख आणि कामाचे स्वरूप हवेच. नुसते ‘समाधानकारक काम केले’ असे पत्र मोजणीत धरत नाहीत. सीजीपीए असेल तर विद्यापीठाचे टक्केवारीचे सूत्र जोडा.

सर्वाधिक अर्ज अडकतात ते जातीच्या दाखल्यावर, आणि महाराष्ट्रातल्या उमेदवारांनी इथे जास्त जपायला हवे. केंद्राच्या भरतीत विजा (विमुक्त जाती), भज (भटक्या जमाती), विमाप्र (विशेष मागास प्रवर्ग) असे प्रवर्ग नाहीत. आपल्या जातीचे नाव केंद्राच्या ओबीसी यादीत शोधा. सापडले तर ओबीसीतून अर्ज करता येतो, पण नॉन-क्रीमी लेअर दाखला केंद्राच्या नमुन्यातलाच लागतो. राज्य नोकरीसाठी काढलेला दाखला पडताळणीत नाकारला जातो. राज्याचे एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आरक्षणही केंद्रात लागू नाही. ज्यांना केंद्रात कोणतेच जातीय आरक्षण नाही, त्यांनी उत्पन्न व मालमत्तेच्या निकषांत बसत असल्यास ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा) दाखला काढावा, तोही जाहिरातीत सांगितलेल्या आर्थिक वर्षाचा. दाखला हातात यायला वेळ लागतो, तेव्हा जाहिरातीची वाट न पाहता काढून ठेवा.

लग्नानंतर नाव बदलले असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत जोडा. ऑनलाइन अर्जाची छापील प्रत आणि शुल्काची पावती जपून ठेवा. काही प्रयोगशाळा स्वसाक्षांकित कागदांसह ती प्रत टपालाने मागवतात आणि त्याची मुदत वेगळी असते.

जेएसएचा पहिला पेपर आणि टायपिंग फक्त पात्रतेपुरते. गुणवत्ता यादी दुसऱ्या पेपरवर लागते. तिथे सामान्य ज्ञान आणि इंग्रजीचे प्रत्येकी 50 प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तराला एक गुण कापतात. तांत्रिक पदांची ट्रेड टेस्टही (त्या ट्रेडच्या कामाची चाचणी) पात्रतेपुरतीच असते. आधीच सरकारी नोकरीत असाल तर कार्यालयाच्या ना-हरकत पत्रासाठी अर्ज भरायच्या दिवशीच विनंती द्या.