जंतूंची वर्दी जनुकांपर्यंत

तारामाशाच्या अळीत टोचलेल्या काट्याभोवती पेशी गोळा होतात, हे जीवशास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना इथे पाहिलं. दहा वर्षांनी जर्मन जंतुशास्त्रज्ञ फायफर यांना कॉलऱ्याच्या मेलेल्या जंतूंतही विष सापडलं. पण जंतू भेटल्यावर पेशीच्या केंद्रकात काय होतं, हा प्रश्न पडायला बराच काळ जावा लागला. जनुकं गरजेप्रमाणे चालू-बंद कशी होतात, याचा नीट आराखडाच मुळी जाकोब आणि मोनो यांनी १९६१ मध्ये मांडला. तोही जिवाणूंवर काम करून!

पहिला धागा हाती आला तो भलत्याच शोधात. १९८६ मध्ये डेव्हिड बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेत रंजन सेन प्रतिपिंडाच्या जनुकाला चिकटणारं एक प्रथिन अभ्यासत होते. बी-पेशी म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी; उंदराच्या कोवळ्या बी-पेशींत ते दिसेना. त्यांवर जिवाणूच्या आवरणातला लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजे फायफर यांच्या विषाच्याच जातीचा पदार्थ, घातला आणि ते दिसू लागलं. नवीन प्रथिनं बनणं औषधाने रोखलं, तरीही दिसलं. म्हणजे ते पेशीत आधीपासून होतंच, फक्त बांधून ठेवलेलं. हेच एनएफ-कप्पा-बी. दोर सुटला की ते केंद्रकात शिरतं आणि दाह पेटवणारी जनुकं चालू करतं.

दोर सोडायला सांगतं कोण? उंदरांच्या एका वाणाला हे विष बाधतच नसे, आणि का ते कळत नव्हतं. १९९६ मध्ये माशीतल्या ‘टोल’ जनुकाचा बुरशीशी लढण्यातला वाटा कळला, पुढच्या वर्षी माणसातला टोल सापडला, आणि १९९८ मध्ये ब्यूटलर यांच्या गटाने त्या उंदरांचा दोष टीएलआर-४ या टोलच्याच भाईबंद जनुकात असल्याचं दाखवलं. पेशीला हे विष ओळखू देणारं प्रथिन याच जनुकातून बनतं. अवघं एक अक्षर बदललेलं.

जनुक-चिप आल्यावर हजारो जनुकं एकदम पाहता येऊ लागली. २००२ च्या सुमारास मानवी पेशींवरच्या प्रयोगांत दिसलं, की जंतू कुठलाही असो, प्रतिसादाचा मोठा भाग सारखाच असतो. वेगळेपण उरलेल्यात, आणि त्यातलं काही जंतूंचीच करामत. हगवणीचा जंतू शिगेला तर पेशीत स्वतःचं एक प्रथिन सोडून नेमकी काही दाहक जनुकं दाबून टाकतो.

२०१० मध्ये क्षयरुग्णांच्या रक्तात ३९३ आरएनएंचा, म्हणजे चालू जनुकांच्या नकलांचा, एक ठसा सापडला. उपचारांबरोबर तो पुसट होत गेला. त्यात इंटरफेरॉन या इशारा देणाऱ्या प्रथिनामुळे चालू होणारी जनुकं उठून दिसत होती, जी एरवी विषाणूंच्या खात्यात टाकली जायची. आणि ती सर्वाधिक जागी होती न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींमध्ये, क्षयाच्या चर्चेत फारसं कुणी ज्यांचं नाव घेत नसे त्या पेशींत.