एसटीपी युनिट: बीपीओ-आयटी कंपन्यांनी ड्युटी न भरता सामान कसं आणायचं, पात्रता आणि कागदपत्रं

परदेशातल्या क्लायंटचं काम इथे बसून करणाऱ्या कंपन्या, म्हणजे कॉल सेंटर, बॅक ऑफिस, सॉफ्टवेअर, डेटा प्रोसेसिंग, इंजिनिअरिंग डिझाइन वगैरे, यांना बाहेरून सर्व्हर, नेटवर्कचं सामान, यूपीएस, अगदी मॉड्युलर फर्निचरसुद्धा ड्युटी न भरता आणता येतं आणि त्यासाठी सेझमध्येच (विशेष आर्थिक क्षेत्रातच) जागा घ्यायला हवी असं काही नाही. याला एसटीपी (सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क) स्कीम म्हणतात आणि ती चालवते एसटीपीआय ही केंद्र सरकारची संस्था, जी १९९१ साली स्थापन झाली. बऱ्याच जणांना वाटतं की ही स्कीम बंद पडली, कारण तिच्यातली इनकम टॅक्सची सूट ३१ मार्च २०११ ला संपली. पण कस्टम्सची सूट वेगळी आहे, ती नोटिफिकेशन ५२/२००३ खाली मिळते आणि ती चालू आहे. नियम सगळे फॉरेन ट्रेड पॉलिसी २०२३ च्या सहाव्या प्रकरणात सापडतील.

अर्ज करायच्या आधी एक हिशोब कराच, कारण सीए किंवा कन्सल्टंट तो करून देतीलच असं नाही. कॉम्प्युटर, लॅपटॉप, सर्व्हर यांच्यावर बेसिक कस्टम ड्युटी तशीही शून्य आहे, लागतो तो १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. मग वाटतं की एक्सपोर्टरला जीएसटी रिफंड मिळतोच की, पण एलयूटी (जीएसटी खात्याला द्यायचं हमीपत्र) देऊन टॅक्स न भरता एक्सपोर्ट करत असाल तर त्या रिफंडच्या फॉर्म्युलात कॅपिटल गुड्सचं, म्हणजे यंत्रं-उपकरणांचं, क्रेडिट धरत नाहीत, म्हणजे सर्व्हरवर भरलेला आयजीएसटी लेजरमध्ये नुसता पडून राहतो. अशा कंपनीला एसटीपीचा खरा फायदा होतो. ज्यांना वर्षाला दहा-बारा लॅपटॉप लागतात आणि तेही इथल्याच डीलरकडून घेतले जातात, त्यांनी माझ्या मते कस्टम्सला बॉन्ड (हमीपत्र) देण्याच्या या कामात पडू नये.

पात्रतेचं म्हणाल तर मुख्य अट एकच, नेट फॉरेन एक्सचेंज पॉझिटिव्ह पाहिजे, म्हणजे पाच वर्षांत मिळून जेवढं परकीय चलन आलं ते जेवढं गेलं त्याच्यापेक्षा जास्त हवं. एक कोटी गुंतवणुकीची अट ईओयूसाठी (एक्सपोर्ट ओरिएंटेड युनिट) ऐकली असेल, ती एसटीपी युनिटला लागू नाही. या हिशोबात आयात केलेल्या मशिनरीची पूर्ण किंमत एकदम धरत नाहीत, दर वर्षी १० टक्के धरतात. समजा ६० लाखांचं सामान पहिल्याच वर्षी आणलं, तर पाच वर्षांच्या ब्लॉकमध्ये त्यातले ३० लाखच धरले जातील. आणि हे नीट लक्षात ठेवा, क्लायंटने फुकट किंवा वापरायला म्हणून पाठवलेलं सामानसुद्धा ते तुमच्याकडे असेल तेवढ्या काळापुरतं या हिशोबात येतं, बीपीओवाले नेमकं हेच विसरतात.

अर्ज एएनएफ ६ए या फॉर्ममध्ये एसटीपीआयकडे करायचा. सोबत आयईसी (आयात-निर्यातीचा कोड नंबर), पॅन, जीएसटी रजिस्ट्रेशन, कंपनीचे एमओए-एओए किंवा पार्टनरशिप डीड, बोर्ड रिझोल्युशन, जागेचं लीज अॅग्रीमेंट आणि नकाशा, परदेशी क्लायंटशी झालेलं कॉन्ट्रॅक्ट किंवा निदान बोलणी चालू असल्याचा पुरावा, प्रोजेक्ट रिपोर्ट, आणि कॅपिटल गुड्सची यादी. बाकी कागद गोळा करणं सोपं आहे, वेळ द्यायचा तो प्रोजेक्ट रिपोर्टला आणि यादीला. यादीत नुसतं 'आयटी इक्विपमेंट' लिहू नका, वस्तू, संख्या, अंदाजे किंमत आणि ती कशाला लागते हे सगळं लिहा, आणि माणसं किती, सीट किती, त्याला मशीन किती हे रिपोर्टशी जुळलं पाहिजे. ८० सीटचं ऑफिस आणि ३०० मॉनिटर असं दिसलं की प्रश्न येणारच. सेकंड हँड मशिनरीही चालते, तिला वयाची मर्यादा नाही.

मंजुरीचं पत्र आलं की लगेच सामान मागवता येत नाही. आधी एसटीपीआयबरोबर लीगल अॅग्रीमेंट, मग कस्टम्सकडे बी-१७ बॉन्ड. मंजुरीला सुरुवातीची मुदत दोन वर्षं असते, तेवढ्यात काम सुरू झालं पाहिजे. बॉन्डेड वेअरहाऊसचं (ड्युटी न भरलेला माल ठेवायचं गोदाम) लायसन्स मात्र २०१६ पासून लागत नाही, जुने लोक अजून ते मागायला सांगतात.

आता प्रत्यक्ष आयात. आयसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर आयजीसीआरखाली (सवलतीच्या ड्युटीने आयात करायचे नियम) एकदा माहिती भरायची, त्यातून आयआयएन नंबर मिळतो, आणि दर वेळी बिल ऑफ एंट्रीमध्ये (आयातीसाठी कस्टम्सला भरायचा फॉर्म) तो नंबर आणि बॉन्डचा तपशील टाकायचा. जुन्या पद्धतीचं प्रोक्युअरमेंट सर्टिफिकेट आता लागत नाही. आलेल्या सामानाचं स्टेटमेंट ऑनलाइन भरावं लागतं, ते आधी महिन्याचं होतं, २०२५ च्या बजेटपासून तिमाही झालं. सगळ्यात जास्त घोळ कुरिअरने येणाऱ्या बॉक्समध्ये होतो, क्लायंट हेडसेट किंवा फायरवॉल परस्पर पाठवून देतो, कुरिअर कंपनी आपली एंट्री भरून ड्युटी भरून मोकळी होते आणि तुमच्या हातात येतं ते फक्त बिल, मग ते मागे फिरवणं फार कटकटीचं. म्हणून क्लायंटच्या आयटी टीमला आधीच लिहून ठेवा की आम्हाला विचारल्याशिवाय काही पाठवू नका, आणि क्लिअरन्स आपला कस्टम्स ब्रोकरच करेल.

देशातूनच माल घेतला तरी फायदा आहे, तो डीम्ड एक्सपोर्ट, म्हणजे निर्यातीसारखाच, धरला जातो आणि जीएसटीचा रिफंड मागता येतो, पण त्यासाठी माल घ्यायच्या आधी फॉर्म ए मध्ये सप्लायरला आणि जीएसटी ऑफिसरना कळवायला लागतं, नंतर कळवून उपयोग नाही.

सामान आलं की ते तुमचं असलं तरी बॉन्डखाली असतं, म्हणून अॅसेट रजिस्टरमध्ये प्रत्येक मशीनचा सिरियल नंबर आणि त्यासमोर बिल ऑफ एंट्रीचा नंबर व तारीख असं लिहून ठेवा, पुढे सगळं त्यावरच चालतं. लॅपटॉप कामासाठी कर्मचाऱ्याने बाहेर नेलेला चालतो, फक्त कोणाला दिला त्याची नोंद हवी. सॉफ्टवेअर आणि डेटाचं काम लाइनवरून पाठवता त्याचे सॉफ्टेक्स फॉर्म (सॉफ्टवेअर निर्यात जाहीर करायचे) आणि एसटीपीआयचे तिमाही-वार्षिक रिपोर्ट वेळेवर गेले पाहिजेत.

जुनं सामान विकायचं किंवा स्कीममधून बाहेर पडायचं तर डीबाँडिंग, म्हणजे सामान बॉन्डमधून सोडवणं, करावं लागतं, तिथे ड्युटी घसारा वजा करून उरलेल्या किमतीवर लागते. कॉम्प्युटरला पहिल्या वर्षी तिमाहीला १० टक्के, दुसऱ्या वर्षी ८, तिसऱ्या वर्षी ५ आणि चौथ्या-पाचव्या वर्षी १ टक्का घसारा मिळतो. म्हणजे १० लाखांच्या कॉम्प्युटरची तीन वर्षांनी ८० हजार किंमत धरून ड्युटी काढतील, दीड वर्षात विकायला काढले तर तोच आकडा चार लाख चाळीस हजार होतो. बाकी मशिनरीचा घसारा हळू आहे, पूर्ण व्हायला दहा वर्षं लागतात. आणि विकायचे नसतील तर वापराची दोन वर्षं झाल्यावर कॉम्प्युटर, प्रिंटर, मॉनिटर हे मान्यताप्राप्त ना-नफा शिक्षणसंस्था, नोंदणीकृत धर्मादाय हॉस्पिटल किंवा सार्वजनिक वाचनालयाला ड्युटी न भरता दान देता येतात.