तैवानी सूर आणि आपली संधी

चिनी वळणाच्या भाषांत प्रत्येक शब्दाला ठरलेला सूर असतो, तो पाठ केला की झालं, असं समजून तैवानी शिकायला बसलात तर पहिल्याच वाक्यात दांडी गुल. पाठ केलेला सूर बहुतेक वेळा कानावर पडतच नाही.

ही चीनची प्रमाणभाषा मँडरिन नव्हे. समोरच्या चीनमधल्या फूच्येन प्रांतातून आलेल्यांची होक्क्येन. तिचे सूर लक्षात ठेवायला एक मजेशीर ओळ आहे: ‘सदरा आखूड, विजार ढगळ, माणूस ठेंगणा, नाक सरळ’. तैवानीत याचे आठ शब्द, आठ सूर. दुसरा नि सहावा आता एकच, म्हणजे खरे सात.

आता ‘ताइवान’ घ्या. यातला ‘वान’ खालून वर चढतो. पुढे ‘लांग’ म्हणजे माणूस जोडा: ‘ताइवानलांग’. लगेच ‘वान’ मधल्या पट्टीत सपाट होतो आणि चढतो तो ‘लांग’. बोलण्याच्या एका तुकड्यातलं शेवटचं अक्षर तेवढं मूळ सूर राखतं, आधीची सगळी बदलतात. तेही चक्राकार! उंच सपाट सूर मधला होतो, मधला खालचा, खालचा उंचावरून घसरणारा, आणि घसरणारा पुन्हा उंच सपाट. चढता सूर दक्षिण तैवानात मधला होतो, उत्तरेत बऱ्याच ठिकाणी खालचा. पण बदलून चढता मात्र कुणीच होत नाही. प्, त्, क् वर तुटणाऱ्या अक्षरांची आपसातच उंच-खाल अदलाबदल चालते.

भाषाशास्त्रात याला ‘टोन संधी’ म्हणतात. शब्द आपल्या व्याकरणातला. ‘नासाने संस्कृत निवडली’ छाप फॉरवर्ड पाठवणाऱ्यांनी ही खरी निर्यात पाठवावी. पण आपल्या संधीत शेजारी पाहावा लागतो: ‘जगत्’पुढे ‘ईश’ आला तर जगदीश, ‘नाथ’ आला तर जगन्नाथ. मँडरिनमध्येही तिसऱ्या सुरापुढे तिसराच आला तर आधीचा बदलतो. तैवानीत पुढे कोण आहे याला काडीची किंमत नाही. कुणीतरी आहे, एवढं पुरे.

तुकडा कुठे तुटतो त्यावर अर्थही फिरतो. ‘कियाँ’ म्हणजे भिणे, ‘सी’ म्हणजे मरणे. ‘कियाँ’ बदलून ‘सी’ ठसक्यात म्हटलं तर मरणाला भिणारा. ‘कियाँ’ मूळ सुरात आणि ‘सी’ दबकत, तर घाबरून अर्धमेला.

गंमत म्हणजे जन्मापासून तैवानी बोलणाऱ्यांना बनावट शब्द दिले की हे चक्र अडखळतं. म्हणजे एवढ्या देखण्या नियमाचा निदान काही भाग शब्दागणिक घोकलेलाच असावा.